बाण खालीच राहील

"पुढे," गिऱ्हाईक म्हणालं.

सिस्टरने बाणावर टिचकी मारली. पडद्यावरचा चेहरा गेला, दुसरा आला.

"हिचं वय झालंय. पुढे."

टिचकी.

"ही किडकिडीत. आमचे वडील चांगले धिप्पाड आहेत. पुढे."

टिचकी.

"बाप रे! पुढे, पुढे!"

तो थोरलीचा फोटो होता. कामावरच्या सगळ्या बायका तिला याच नावाने हाक मारत. गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा डाग. एका आजोबांच्या अंगावर उकळतं पाणी पडत होतं, ते तिने स्वतःवर घेतलं होतं. आणि ती दारापाशी बाकावरच बसली होती. सगळं ऐकून तिने नुसतं खिडकीकडे तोंड फिरवलं.

सिस्टर काही खरी नर्स नव्हे. लोकांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची उस्तवार करण्यात तिची उमर गेली. तेव्हा पांढरा कोट घालायची म्हणून हे नाव चिकटलं. माणसं उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा मालकांनी तिला, घरोघरी अशा बायका पुरवणाऱ्या त्यांच्या ब्यूरोच्या, संगणकापुढे बसवलं. कामाला जाणाऱ्या प्रत्येक बाईचं त्यात एक पान. वर फोटो, फोटोखाली पुढच्या पानावर नेणारा बाण, आणि पार तळाशी 'काय जमतं' नावाची चौकट. ती चौकट सिस्टरने एकेकीला शेजारी बसवून, विचारून विचारून भरली होती. तिथवर आजतागायत एकही गिऱ्हाईक पोचलं नव्हतं. आई-बापाला सांभाळायला माणूस हवं, पण सगळा कारभार पी हळद अन् हो गोरी!

गिऱ्हाईक एक तरुण चेहरा पसंत करून गेलं. मालक म्हणाले, "थोरलीचं पान काढून टाक आज. गिऱ्हाईक बिचकतं."

"पान काढलं तर तिला काम कुठून मिळणार?"

"मी काय धर्मशाळा उघडलीय?" असं म्हणून मालक जेवायला गेले.

सिस्टरला संताप आला. आपल्याही चेहऱ्यावरून लोक असेच 'पुढे' म्हणत गेले असतील, हे तिला आज पहिल्यांदा नीट कळलं. संगणक बसवणाऱ्याने पानाची मांडणी कशी बदलायची ते तिला दाखवून ठेवलं होतं. तिने 'काय जमतं'ची चौकट उचलून सगळ्यात वर नेली. फोटो तळाशी ओढला आणि त्याच्याही खाली बाण. एका पानावर केलं की सगळ्या पानांवर होतं. तिने तो बदल जतन केला आणि थोरलीकडे बघून म्हणाली, "बघू आता."

दुपारी एक बाई आली. आई अंथरुणाला खिळलेली, स्वतःची झोप गेलेली.

"अहो, पुढचं कसं बघायचं? बाण कुठाय?"

"खाली आहे, ताई. वाचत वाचत या, सापडेल."

बाई कुरकुरली, पण वाचू लागली. मालक जेवून आले आणि दारातच थबकले. बाई थोरलीच्या पानावर आली होती. ती हळू आवाजात वाचत होती, "हात लावायच्या आधी सांगते. आता कुशीवर वळवते, आता पाय धरते. मगच उचलते."

ती थांबली. "आमच्या आईला कुणी सांगतच नाही हो. पोतं उचलावं तसं उचलतात."

मग खाली फोटो आला. तिने बाकाकडे पाहिलं. "आई घाबरली तर?"

"घाबरतात की," थोरली म्हणाली. "दोन दिवस घाबरतात. तिसऱ्या दिवशी विचारतात, दुखतं का गं अजून?"

बाईचे डोळे भरून आले. "भावाला विचारून कळवते," म्हणाली आणि गेली.

"गेलं गिऱ्हाईक!" मालक कडाडले. "बाण वर घे आधी. आणि हिचं पान काढ."

"पान काढणार नाही. बाणही वर घेणार नाही."

"मग खुर्ची सोड!"

"घ्या तुमची खुर्ची. बाण खालीच राहील."

"आणि खाशील काय? त्या कंबरेवर कोण काम देणार तुला?"

"ते लोक ठरवतील, मालक. वाचून ठरवतील."

उठण्याआधी तिने एक कोरं पान उघडलं. स्वतःचं वय खरं लिहिलं. 'काय जमतं'मध्ये लिहिलं, 'कंबर गेली आहे. उचलणं होणार नाही. जेवत नाही म्हणणाऱ्याला जेवायला घालते. रात्रभर जागते. रागावलेल्या माणसाचं ऐकून घेते, पण उगाच नाही.' मग ती बाकावर जाऊन बसली. थोरलीने सरकून जागा दिली.

"माझ्यापायी कशाला गं?" थोरली पुटपुटली.

"तुझ्यापायी नाही. माझ्यापायी."

मालक खुर्चीत बसले. बाण वर न्यायला त्यांनी पुष्कळ खटाटोप केला. त्यांना येत होती ती फक्त टिचकी. तेवढ्यात एक म्हातारा आला, बायकोसाठी सोबतीण बघायला. त्याने चष्मा लावला आणि पडद्याजवळ खुर्ची ओढली. पडद्यावर सिस्टरचंच पान उघडं होतं. तो ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागला. बाकावर दोघी ताठ बसून होत्या.

"पुढे जायचं का, आजोबा?" मालकांनी सवयीने विचारलं.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. नुसता हात उचलला.

"थांबा हो जरा," तो म्हणाला. "वाचतोय."