कोल्हापूरचा आकडा

नृसिंहरावांनी थर्मास रोशनबीच्या पायरीवर ठेवला, पण रोजच्यासारखं झाकण उघडलं नाही. खिशातून निळं हवाई पत्र काढलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"कुणी वारलं काय, सर?" आतडी धुता धुता रोशनबीनं विचारलं.

"नाही हो."

"मग तोंड का पाडलंयसा?"

पासष्ट साली ते या दारात पहिल्यांदा आले, त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी सकाळी सिकंदरच्या मटणाच्या दुकानामागं सायकल टेकायची, गार मीठपाण्याचा थर्मास पुढं करायचा, सिकंदरच्या बायकोनं, म्हणजे रोशनबीनं, त्यात वीतभर आतडं सोडायचं आणि ते घेऊन टेकडीवरची प्रयोगशाळा गाठायची. तिथं काचेच्या कांडीवर पायमोजा उलटावा तसं ते उलटायचं आणि पेशींच्या पटलातून अमिनो आम्लं किती वेगानं आत शिरतात ते मोजायचं. सायकली तीन झाल्या, थर्मास किती फुटले याची गणती नाही, पायरी तीच.

एवढ्या वर्षांत नृसिंहरावांकडं मिरवण्यासारख्या दोन गोष्टी जमल्या होत्या. एक तो वेग. बाकी जगाच्या दीडपट. परदेशी निबंधांतून 'कोल्हापूरचा आकडा' म्हणून त्याचा उल्लेख होई. दुसरी गोष्ट त्यांचा धीर. सोवळ्यातल्या घरचा हा माणूस पहिल्या दिवशी याच पायरीवर ओकला होता, रोशनबीनं बादलीभर पाणी ओतलं होतं. पण दुसऱ्या खेपेपासून पोटात कधी ढवळलं म्हणून नाही. मन घट्ट केलं की सगळं जमतं, हे नव्या विद्यार्थ्यांना दर जूनमध्ये ऐकावं लागे. घरी पत्नीला, लीलाबाईंना, तर ते तोंडपाठ होतं.

पत्र इंग्लंडहून आलं होतं, आणि फार अदबीचं होतं. चार वर्षं प्रयत्न केला, आपला आकडा येत नाही. पद्धतीत लिहायचं काही राहून गेलं आहे का? इतक्या अदबीनं माणूस कधी विचारतो, ते नृसिंहराव जाणून होते. आकडा खोटा, एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"रोशनबी, मला देता ते आतडं आणि गिऱ्हाईकाला देता ते, यात काही फरक असतो?"

"असतोय की."

"कसला?"

"तुमचं बकरं उपाशी असतंय. दीड दिस नुसत्या पाण्यावर बांधतो त्याला."

नृसिंहरावांचा हात झाकणावरच राहिला.

"कधीपासून?"

"तुम्ही वकलासा तवापासनं. आमच्या पोराचं, ख्वाजाचं अब्बा म्हनलं, मास्तर गेला, आता काय येत न्हाय. मी म्हनलं, भरल्यालं आतडं त्यास्नी बघवत न्हाय, रिकामं दिऊया. लई कुरकुरलं, बकरं वाळतंय म्हणून. मी ऐकते व्हय?"

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही इचारलंसा कवा?"

नृसिंहराव झाकण उगाच फिरवत राहिले.

"म्हणजे तो आकडा उपाशी बकऱ्याचा."

"उपाशी प्वाट जास्त वढणारच की. त्याला एवढं मोजायला कशाला पायजे?"

त्यांना हसू आलं. आकडा खरा होता. त्याच्याखाली त्यांनी लिहिलेलं तेवढं अपुरं होतं. उत्तर कळवायचं, रोशनबीच्या नावासकट कळवायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं. मग विद्यार्थ्यांना धीराच्या गोष्टी सांगितलेले अठरा जून त्यांना आठवले, आणि हसू आलं तसं गेलं.

"रविवारी दोन थर्मास आणतो. एकात नेहमीचं द्या, दुसऱ्यात खाल्लेल्या बकऱ्याचं. दोन्ही शेजारी ठेवून मोजायला हवं."

"झेपंल?"

"अठरा वर्षं झाली, रोशनबी."

"व्हय की," ती म्हणाली, आणि मान खाली घालून आतडी धुवायला लागली.

रविवारी सायकलच्या हँडलला दोन थर्मास लोंबत होते. लीलाबाईंना काही सांगितलं नव्हतं. तरी निघताना नृसिंहरावांनी चहा अर्धाच घेतला होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी रुमाल चाचपला, आणि मग उगाचच सदरा झटकला.

रोशनबी आत पाठमोरी बसून आतडी सोडवत होती. तिनं वळून पाहिलं नाही. पायरीच्या कडेला पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली होती, आणि तिच्या काठावर धुतलेला पंचा, घडी करून.