लीना नावाच्या मुली

पोलादपूरच्या शाळेत १९८३ साली चौथीच्या वर्गात दोन लीना होत्या, दुसरीत एक आणि पहिलीत आणखी दोन. नव्याने बदलून आलेल्या बाईंना त्याचं नवल वाटलं. त्यांनी चौथीतल्या मुलींना आपापल्या नावाचा अर्थ घरी विचारून वहीत लिहून आणायला सांगितलं.

बौद्धवाडीतल्या मंजुळाची लीना घरी आली आणि भाकऱ्या थापणाऱ्या आईसमोर वही उघडून बसली. मंजुळाचा हात थांबला. आपण लेकीला नाव ठेवलं ते हट्टानं, पण त्याचा अर्थ कधी कुणाला विचारला नव्हता. तिला लाज वाटली. उद्या सांगते म्हणून तिने वेळ मारून नेली.

या लेकीच्या आधी मंजुळाची दोन बाळं गेली होती, दोन्ही वाडीतच, जन्मल्या दिवशी. तिसऱ्या खेपेला कळा लागल्यावर नवरा सहदेव थांबला नाही. तो शिक्षक होता. चार माणसं गोळा करून बायकोला डोलीत घालून त्याने डोंगर उतरून सरकारी दवाखान्यात आणलं. तिथे केरळहून आलेली एक सिस्टर होती. तिचं मराठी मोडकं, पण हात शांत. मंजुळा ओरडायला लाजत होती, तर सिस्टर म्हणाली, "ओरड. इथं सासू नाही." सकाळी मुलगी झाली, पण ती रडेना. सिस्टरने तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडाने श्वास भरला. बराच वेळ गेला. मंजुळा छताकडे बघत पडून राहिली, कारण पोरीकडे बघायची तिला छाती होईना. मग एक बारीक आवाज आला. सिस्टर खाली फरशीवरच बसली आणि स्वतःच रडायला लागली.

दवाखान्यात सगळे त्या सिस्टरला लीनाबाई म्हणत.

नामकरणाच्या दिवशी सहदेवच्या मनात संघमित्रा होतं. त्याच्या आईला, सुंदराबाईंना, ते जिभेवर येत नव्हतं, त्यांना गौतमी हवं होतं. आजवर घरात कशावरही न बोललेली मंजुळा तेव्हा म्हणाली, नाव लीना. सुंदराबाईंनी विचारलं, "हे कसलं नाव गो? आपल्यात कुनाचं हाय काय?" मंजुळाने माघार घेतली नाही. नाव राहिलं. पण सुंदराबाई नातीला सोनू म्हणत, पोरी म्हणत, लीना कधी म्हणाल्या नाहीत.

आता मंजुळा अर्थ शोधायला लागली. सहदेवने शब्दकोश काढून सांगितलं, लीन म्हणजे नम्र. मंजुळाला ते पटेना. पोरगी कालच शेजारच्या दोन पोरांना बदडून आली होती.

दुसऱ्या दिवशी ती तुळजाबाईंकडे भात कांडायला गेली. तुळजाबाई खालच्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांचीही नात लीनाच, आणि तीही त्याच सिस्टरच्या हातची. तुळजाबाई म्हणाल्या, देवाच्या पायाशी लीन झालेली ती लीना. हेही मंजुळाने ऐकून घेतलं.

शनिवारी ती महाडच्या बाजारात गेली. बांगडीवाल्या हमीदाबींकडे बांगड्या भरताना बोलता बोलता विषय निघाला. हमीदाबींच्या भावाची मुलगीही लीना. त्यांच्या मौलवींनी सांगितलं होतं की अरबीत लीना म्हणजे खजुराचं कोवळं झाड. "नाव चांगलंच हाय," हमीदाबी म्हणाल्या, "पन आमी ठेवलं ते सिस्टरसाठीच. वहिनी मरता मरता वाचली."

मंजुळा परतीच्या एसटीत बसली तेव्हा तिच्याकडे तीन अर्थ होते, आणि खरा कोणता ते कळत नव्हतं. घरी आल्यावर तिने सहदेवला सांगितलं, जिचं नाव हाय तिलाच इचारा.

सिस्टर सहा वर्षांपूर्वी गावी परत गेली होती. दवाखान्यातल्या गोमाजी कंपाउंडरांकडे तिचा पत्ता निघाला. सहदेवने पत्र लिहिलं. लेकीने वहीतलं पान तेवढं कोरं ठेवलं आणि बाईंकडून मुदत मागून घेतली.

महिन्याभराने आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर देवनागरी, पण काना-मात्रा जिथे सुचतील तिथे. सहदेवने ओसरीवर बसून सावकाश वाचलं.

सिस्टरने लिहिलं होतं की तिचं नाव लीना नाहीच. तिचं नाव मॅग्दलीना. येशूच्या एका शिष्येचं ते नाव, आणि त्याचा अर्थ मग्दला गावची. हे गाव एका मोठ्या गोड्या तळ्याच्या काठी होतं. घरी तिला सगळे मोळी म्हणत. पोलादपूरला आली तेव्हा मॅग्दलीना कुणालाच म्हणता येईना. एक म्हातारी बाळंतिणीसोबत आली होती, तिने लीनाबाई अशी हाक मारली आणि तेच नाव पडलं. "लीना मला तुम्ही दिलं," असं तिने लिहिलं होतं. "माझ्याकडे अर्थ नाही. तुमच्याकडे असेल."

मोळी ऐकून लीना हसत सुटली. रोज आई रानातून लाकडांची आणते तीच ना, म्हणाली.

सुंदराबाईंनी सहदेवला ते गावाचं पुन्हा वाचायला लावलं. नऊ वर्षांच्या असताना त्या बापाच्या बोटाला धरून महाडच्या चवदार तळ्यावर गेल्या होत्या. त्या दिवशी प्यायलेल्या ओंजळभर पाण्याची गोष्ट त्यांनी घरात सगळ्यांना अनेकदा सांगितली होती.

"तळ्याकाठची," त्या म्हणाल्या. "मग आपलीच झाली की."

लीनाने वहीत चारही अर्थ लिहिले, एकाखाली एक. बाईंनी विचारलं, यातला बरोबर कोणता. ती म्हणाली, आईला विचारून सांगते.

लेकीने ते विचारलं तेव्हा मंजुळा उत्तराच्या पत्राचा मजकूर सहदेवला सांगत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पत्र लिहायला घेतलं होतं, म्हणून ती एकेक वाक्य तोलून बोलत होती. खुशाली झाली, सासूबाईंचा नमस्कार झाला. मग तिने लिहायला सांगितलं की अर्थ आमच्याकडे हाय, वाडीत, खालच्या गावात आणि महाडात मिळून मला ठाऊक असलेल्या सात लीना हाईत, सगळ्या तुमच्या हातच्या, सगळ्या धडधाकट. येत्या मे महिन्यात शाळेला सुट्टी असेल तेव्हा या. आमच्याकडेच उतरा.

"आणि माझी भांडखोर हाय, तेपन लिवा," ती म्हणाली.

सहदेवने तेही लिहिलं.