पत्ता टालिनचा

एंडेलनं नेमणुकांची यादी डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली. तरी त्याच्या नावापुढं तेच राहिलं. टालिन, बंदराकडचा पूल.

"हा कुठला पूल? मी जन्मात पाहिलेला नाही."

टेबलापलीकडची लेफ्टनंट केर्तू त्याच्या लेकीच्या वयाची. तिनं शांतपणे सांगितलं, की स्वयंसेवक संरक्षण दलाची नवी रचना झाली आहे. आता ज्यानं त्यानं आपापला गाव राखायचा, आणि गाव कुठला ते सरकारदरबारी नोंदलेल्या पत्त्यावरून ठरणार.

एंडेलनं कपाळाला हात लावला. पाच वर्षांपूर्वी लेकीनं हट्टानं त्याचा पत्ता राजधानीत, टालिनच्या आपल्या फ्लॅटवर नोंदवला होता. का, तर तिथल्या रहिवाशांना ट्राम-बस फुकट. त्या फुकटच्या ट्राममध्ये तो आजवर चारदा बसला असेल. आणि इथं, सीमेलगतच्या या दलदलीत, वनरक्षक म्हणून त्याची तीस वर्षं गेली होती. सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून कवायतीला जाण्यात बावीस. कुठं पाय टाकला की माणूस कमरेपर्यंत रुततो, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

"आजच पत्ता बदलतो," तो म्हणाला.

"बदला ना, काका. पण पुढची यादी दोन वर्षांनी निघेल. माझ्या हातात काही नाही."

खरंच नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. भांडायचं तरी कुणाशी?

त्याच्या जागी नेमलेला राइको शेजारीच बसला होता. टालिनचा दातांचा डॉक्टर. आजीच्या इथल्या उन्हाळी घरावर पत्ता लावून ठेवलेला, म्हणून बिचारा इथं येऊन पडला. बूट करकरीत नवे. तो पूल आपल्या दवाखान्यासमोरच आहे, असं त्यानं ओशाळून सांगितलं. तिघंही हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

केर्तूनं नकाशा पसरला आणि राइकोला वाटा दाखवाल का, असं विचारलं. एंडेलनं पेन्सिल घेतली. हिवाळ्यातली वाट, पावसाळ्यातली वाट, जुन्या लाकूडतोड्यांची वाट. मग त्याचा हात थांबला. नदीच्या अलीकडच्या काठानं एक लाल रेघ गेली होती. शत्रूला अडवायचं ते या रेघेवर, केर्तू म्हणाली. रेघेपलीकडं तीन घरं होती. तिसरं त्याचं.

तिथल्या लोकांना आधीच हलवू, असं ती घाईघाईनं सांगू लागली. हेल्वे, त्याची बायको, शेळ्या सोडून लेकीकडं दोन दिवस राहायला तयार होत नसे. वेळ आलीच तर आपण आहोत, उचलून नेऊ, या भरवशावर त्यानं तिच्याशी कधी वाद घातला नव्हता.

त्यानं अर्धी राहिलेली वाट पुरी केली, नदी ओलांडून आपल्या अंगणापर्यंत नेली आणि नकाशा राइकोकडं सरकवला.

"डॉक्टर, माझ्या बायकोला आणायला जाल तेव्हा मागच्या दारावर ठोका," तो म्हणाला. "पुढचं तिला ऐकू येत नाही."