शीर आखडली

मेघनाचं डोकं फिरलं ते एका प्रश्नावरून. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, वॉर्डच्या दारात, डॉक्टर गौतमने तिला विचारलं, "ताई, सकाळपासून त्यांना हात उचलता येत नव्हता, तर सिस्टरना सांगायचं नाही का?"

सांगायचं नाही का! म्हणजे चूक कोणाची, तर मेघनाची. वा रे वा!

आता हे प्रकरण इथवर आलं कसं, ते ऐका. मेघनाचा नवरा हितेंद्र दिवसा करी रोडला एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावायचा, आणि सुपारी आली की संध्याकाळी लालबागच्या पथकात बेंजो वाजवायचा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. त्याचा उजवा हात सुरू झाला की खुर्चीत बसलेली म्हातारी माणसंसुद्धा पाय आपटायला लागायची. तर हा माणूस एका हळदीत वाजवता वाजवता "डोक्यात कायतरी फुटला" म्हणाला आणि तिथेच आडवा झाला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला होता. डॉक्टरांनी डोकं उघडून फुग्याच्या तोंडाशी चिमटा लावला. हितेंद्र शुद्धीवर आला, बायकोला ओळखलं, पेज मागितली. चाळीत पेढे वाटून झाले.

आयसीयूत कॉटची मारामारी, म्हणून त्याला लवकरच वॉर्डात हलवलं. तिथे राउंडला आलेल्या गौतमला मेघनाने विचारलं, "आता धोका नाही ना?" हा गौतम तरुण, हुशार, पण पायाला भिंगरी लावलेली. चालता चालताच म्हणाला, "फुगा बंद केलाय ताई. पण पुढचे काही दिवस डोक्यातल्या शिरा आखडू शकतात. लक्ष ठेवा." आणि गेला पुढच्या कॉटकडे.

शिरा आखडू शकतात! अरे बाबा, लालबागेत जन्म गेलेल्या बाईला हे वाक्य कसं ऐकू येणार? इथे रोज कोणाची ना कोणाची शीर आखडते. झोपेत पोटरीत गोळा आला, शीर आखडली. हंडा उचलताना मान धरली, शीर आखडली. त्यावर औषध म्हणजे गरम तेल, नाहीतर बाम, आणि घरातल्यांची चार बोलणी. शीर आखडली म्हणून कोणी डॉक्टरला हाक मारली, असं अख्ख्या चाळीत कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी हितेंद्रला सारखी झोप येत होती. चहाचा कप उजव्या हातातून निसटला.

"हात जड झालो गे," तो म्हणाला.

सासूबाई, शांताबाई, कॉटशेजारीच बसल्या होत्या. त्यांनी लगेच निदान केलं. "डॉक्टर म्हणालो नाय, शीर आखडतली म्हणान? ताच झाला आसतला. तेल चोळ."

मेघनाने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हात चोळायला घेतला. मनातून ती सुखावलीच होती. इतके दिवस नुसतं बसून होती, आता नवऱ्यासाठी काहीतरी करता येत होतं. इंजेक्शनांची ट्रॉली घेऊन सिस्टर दोनदा शेजारून गेल्या. पूर्ण वॉर्डाला त्या एकट्या, त्या तरी कुठे कुठे बघणार? जेवणाच्या वेळेला हितेंद्रची जीभ वळेना. तोंडातून नुसता आवाज यायला लागला, तेव्हा कुठे मेघना किंचाळली. मग धावाधाव, स्कॅन, रक्तवाहिनीत नळी घालून औषध. आणि हे सगळं उरकून बाहेर आलेल्या गौतमचा हा प्रश्न.

"आणि ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं," त्याने वर जोडलं.

"काय सांगितलं होतंत?"

"शिरा आखडू शकतात म्हणून."

"मग आखडली शीर म्हणून तेल चोळलं मी! सकाळपासून चोळतेय! आमच्याकडे शीर आखडली की तेलच चोळतात. तुमच्याकडे काय करतात?"

गौतमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तुम्हाला समजावं म्हणून सोप्या भाषेत..."

"सोपी कोणासाठी? तुमच्यासाठी! पटकन बोलून पटकन सुटायला! दहावीला विज्ञानात मला सत्तरच्या वर मार्क होते. पण साडी साधी दिसली की तुम्ही ठरवून टाकता, हिला काय कळणार! ते काही नाही. बसा इथे. आत्ता सांगा, नीट सांगा."

वॉर्डबॉय थबकले. शांताबाईंनी सुनेचा पदर ओढला. पण गौतम खरंच बाकावर बसला.

"फुगा फुटला तेव्हा सांडलेलं रक्त मेंदूच्या भोवती साठून राहतं," तो म्हणाला. "त्यामुळे काही दिवसांनी मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आवळतात. त्या भागाला रक्त कमी पडतं. मग हात जड होतो, जीभ अडखळते, झोप आवरत नाही. असं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नसतं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीला वेगळ्या. त्यांच्यातही बदल होतात. खरं सांगायचं तर तिकडे आम्हीही आत्ता आत्ता बघायला लागलोय."

"म्हणजे नळाला पाणी नाही आणि मोरीचीही खात्री नाही."

"हो. अगदी तसंच."

"झालं? एवढंच होतं?" मेघनाचा आवाज चिरकला. "चहा निवायच्या आत सांगून झालं की हो! हे त्या दिवशी सांगायला तुमच्या जिवावर आलं होतं?"

"माझं चुकलं," गौतम म्हणाला. पण एवढ्याने मेघनाचा राग निवला नाही. उलट वाढलाच.

"हात येईल का?"

"थोडा येईल. बेंजो वाजवता येईल, असं मी म्हणणार नाही."

हितेंद्रला नीट जाग यायला पुढे बरेच दिवस गेले. बोलणं परतलं, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. त्याने पांघरुणाखाली बघितलं आणि विचारलं, "माझो हात... असो कित्याक?"

शांताबाई घाईघाईने पुढे झाल्या. "काय नाय रे झिला, शीर आखडली हा. जायत बरी."

"आई, गप्प बसा!" मेघना कडाडली. लग्न झाल्यापासून सासूला ती अशी कधी बोलली नव्हती. मग कॉटवर बसून तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. सांडलेलं रक्त, आवळलेल्या धमन्या, उपाशी राहिलेला मेंदूचा तुकडा, सगळं. हात पूर्वीसारखा होणार नाही, हेही.

"आणि तू... काय करीत होतंस?" शेवटी त्याने विचारलं.

"तेल चोळत होते. सकाळपासून दुपारपर्यंत."

तो तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा लाल झाला, डाव्या हाताची मूठ वळली. मेघना पुढचं ऐकायला तयार होऊन बसली. बोलू दे, काय वाटेल ते बोलू दे.

"तुका... कोणी... सांगूक नाय?"

सगळ्या हॉस्पिटलशी भांडलेली ती बाई तेव्हा पहिल्यांदा रडली.

"नाही रे," ती म्हणाली. "कोणीच नाही सांगितलं."