उठाव, कृष्णधवल

नूतनने प्लास्टिकची खुर्ची ओढत अगदी पुढे आणली आणि बापाला, बुधाजींना, तिच्यात बसवलं. ज्याची खुर्ची गेली, त्यालाच त्या पराक्रमाच्या माहितीपटाला पहिल्या रांगेत बसवायची पद्धत तिला नवीन होती. पण समितीचा नवा अध्यक्ष हरेश स्वतः घरी येऊन आमंत्रण देऊन गेला होता, पेढ्यांसकट.

पालेगावच्या पलीकडे नव्या टॉवरचं हे क्लबहाऊस. काही वर्षांपूर्वी इथे बुधाजींच्या भावकीची भातशेती होती, आता एसी होता. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘उठाव : एका गावाची जागृती’.

घडलं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी नूतनच्या भावाच्या, अभिजीतच्या हळदीत अख्खा पाडा डीजेपुढे नाचत असताना हरेशने चार माणसं नेऊन जमीन बचाव समितीच्या ऑफिसचं कुलूप बदललं. झाला उठाव. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष बुधाजी पिवळ्या कानांनी तिथे गेले, तर चावी फिरेना. त्यांना वाटलं, आपल्याला अजून उतरलेली नाही.

आज सिनेमा संपला की हात वर करून ठराव होणार होता : गावदेवीपुढचं मैदान बिल्डरला द्यायचं. अडवू शकत होते ते फक्त बुधाजी. त्यांचा शब्द अजून चार माणसं ऐकत होती. काय बोलायचं ते नूतनने दुपारभर त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

“आणि त्या संध्याकाळी,” पडद्यामागचा धीरगंभीर आवाज म्हणाला, “गाव पेटून उठलं.”

पडद्यावर गर्दी आली. वर गेलेले हात, वासलेली तोंडं. आणि घोषणा : बुधाजी, चले जाव!

“ए, तो बघ मी!” मागून कोणीतरी ओरडलं.

“माझे तर दोन्ही हात हायत!” बुधाजींची बहीण मोतीबाई हरखून म्हणाली.

नूतनने पडद्याकडे नीट पाहिलं. त्या गर्दीत दातात रुमाल धरलेला अभिजीतचा मेव्हणा होता. ती स्वतः होती. आणि मधोमध, दोन्ही हात वर करून, स्वतःच्याच हकालपट्टीची मागणी करत खुद्द बुधाजी होते.

चित्र कृष्णधवल का, ते तिला आत्ता कळलं. इतिहास वाटावा म्हणून नव्हे, हळद दिसू नये म्हणून. डीजे काढून घोषणा भरल्या होत्या, नाच मंद करून संताप केला होता. कोपऱ्यात लॅपटॉपवर बसलेल्या धर्मेशकडे तिने पाहिलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचचा व्हिडिओवाला. हळदीचं शूटिंग मागायला ती गेली, तेव्हा म्हणाला होता, “दीदी, हार्ड डिस्कच उडाली. काय करणार, नसीब.” आता तो तिच्याकडे बघत नव्हता.

ती उभी राहिली. “बंद करा! ही आमच्या अभिजीतची हळद आहे!”

हरेश नम्रपणे उठला. “नूतनताई, हळदीत काय मानसाला राग येत नाय?”

हशा झाला. मोतीबाईने तिची ओढणी खेचली. “बस गो. पयल्यांदा दिसतोव आमी पडद्यावर. आनि खरा सांगू? मना पन जरा जरा आठवतंय. वरडलेलो आमी.”

“आत्या, तू गाणं म्हणत होतीस!”

“हां, तसाच वरडलो.”

“बाबा, उठा,” नूतन म्हणाली. “सांगा यांना.”

बुधाजी हलले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

पडद्यावर आई आली होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, हात वर, ओठ उघडे. हळदीनंतर सहा महिन्यांतच ती गेली. तिचा असा हलता-नाचता तुकडा घरात एकही नव्हता. तिच्या ओठांवर कोणीतरी घोषणा चिकटवली होती : बुधाजी! आवाज आईचा नव्हता, कोणाचाच नव्हता. आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. उखाण्याची वेळ आली की ती लाजून आत पळायची. रेशनच्या दुकानात विचारलं, तरी नूतनला पुढे करायची : “तू सांग गो.”

बुधाजी उठले. हरेशच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आकसलं.

“धर्मेश,” बुधाजी म्हणाले, “जरा मागं घे रं.”

धर्मेशने हरेशकडे पाहिलं. हरेशने मान हलवली.

आईने पुन्हा हात वर केला. ओठ हलले.

“माझा नाव घेतलान तिनी,” बुधाजी म्हणाले. कोणाला म्हणाले, कळलं नाही.

मागे हरेशने, लोकांच्या भावना लक्षात घेऊन, हळू आवाजात ठराव वाचायला घेतला. खुर्च्या करकरल्या, एकेक हात वर जाऊ लागला. मोतीबाईने पडद्यावरच्यासारखे दोन्ही केले.

नूतनने ओरडायला तोंड उघडलं. पडद्यावर आई नाचत होती. नूतनने तोंड मिटलं.

“परत लाव,” बुधाजी म्हणाले.