वचन चालू असताना

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. पांढरी, गुडघाभर उंच, खाली चाकं आणि त्यातलं एक चाक तिरकं. लोक मला ऑक्सिजनची मशीन म्हणतात. सिलिंडरसारखी मी भरून आणावी लागत नाही. खोलीतली हवाच मी मागच्या जाळीतून आत ओढते, पोटातल्या बारीक खड्यांतून गाळते आणि प्राणवायू तेवढा नळीवाटे आजाऱ्याच्या नाकाशी पोचवते. हे करताना माझा आवाज होतो. घरघर, मग फुस्स, पुन्हा घरघर. आवाज न करता मला काम करता येत नाही.

साथीची दुसरी लाट आली तेव्हा जबलपूरच्या एका चर्चच्या मंडळीनं वर्गणी काढून मला आणलं. त्या दिवसांत माझं काय कौतुक होतं! पाळकांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कोणीतरी झेंडूची माळ घातली. सिविल लाइंसमधल्या बंगल्यात मी राहिले, रेल्वेच्या क्वार्टरात राहिले. काही घरांनी मला हसत परत पाठवलं. काही घरांतून मी गुपचूप निघाले, मागं रडणं चालू असताना. मग साथ सरली आणि माझी रवानगी चर्चमागच्या कोठीत झाली. नाताळचा कागदी तारा, गव्हाणीचं गवत आणि मोडकी बाकं यांच्या संगतीत मी धूळ खात पडले. माझ्या जाळीत कोळ्यानं घर केलं.

कोठीच्या भिंतीपलीकडं दर रविवारी उपासना चाले. चर्चचे पंखे जुने, खडखडणारे. पाळक उपदेशाला उभे राहिले की उल्हास पाटोळे नावाचे गृहस्थ उठत आणि एकेक करून सगळे पंखे बंद करत. मे महिन्यातसुद्धा. लोक गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत कुरकुरत. उल्हासजी कोणाशी वाद घालत नसत. "वचन चालू असताना आवाज नाही करत," एवढंच म्हणत. वचन म्हणजे देवाचा शब्द. मग खडखड थांबे आणि पाळकांचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येई.

पुढं उल्हासजींचीच फुप्फुसं कडक होत गेली. कोठीचं कुलूप उघडलं, मला ओल्या फडक्यानं पुसलं गेलं आणि ऑटोत घालून नेपियर टाउनमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत आणलं. आणणारी त्यांची मुलगी क्षमा. तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली. आई कधीच गेलेली. जवळच्या कोचिंग क्लासमध्ये ती इंग्रजी शिकवत होती आणि वडिलांचा सांभाळ करत होती. ती माझी जाळी नेमानं धुवायची, सावलीत वाळवायची, प्राणवायू ओलसर करणाऱ्या माझ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरायची. मित्रांनो, इतकी निगा माझी आधी कोणी राखली नव्हती.

क्षमाला पाळक व्हायचं होतं. त्यासाठी ईश्वरविज्ञानाची पदवी घ्यावी लागते, आणि तशा एका कॉलेजात तिला अर्ज करायचा होता. बी.ए.चे मार्क तिच्याकडं होते, डॉक्टरचा दाखला होता. एकच गोष्ट नव्हती. 'ही आमची मुलगी, हिला आम्ही पाठवत आहोत' असं आपल्या मंडळीचं पत्र. त्याच्यावाचून अर्ज विचारात घेत नाहीत. आणि मंडळीचा रिवाज असा, की जाणाऱ्यानं आधी कमिटीसमोर एक उपदेश करून दाखवायचा.

कमिटीत दोघांचा शब्द चाले. एक शैलेंद्र पास्टर, मंडळीचे पाळक, मऊ मनाचे, लांबलचक प्रार्थना करणारे. दुसऱ्या कुमुद मॅडम, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी क्षमाला आधीच सुनावलं होतं, "तुझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत येत नाही, बाई. मागच्या बाकांवरचे काय उद्धाराविना राहतील?"

म्हणून उल्हासजी तिला घरी सराव करायला लावत.

"या मशीनच्या वर बोल."

"बाबा, मी मशीनशी काहून भांडू?"

"भांडू नको. जिंक."

ती हसायची. ते हसायला जात, तेव्हा खोकत. मग ती पाणी द्यायची आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करायची. मी घरघरत राहायचे. तिचा आवाज रोज थोडा वर चढत होता, हे मला समजत होतं.

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली. उल्हासजींचं दुखणं बळावलं होतं; त्यांना एकटं टाकून क्षमा चर्चला जाईना. शेवटी उल्हासजींनीच कमिटीला निरोप धाडला, घरी या, मलाही ऐकायचं आहे.

दुपारी दोघं आली. उल्हासजींनी धुतलेला सदरा घातला होता आणि ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. क्षमा खिडकीपाशी, पाहुण्यांकडं तोंड आणि वडिलांकडं पाठ करून उभी राहिली. तिनं विषय सांगितला, आजाऱ्याच्या भेटीला जाणं. पहिलं वाक्य ती चांगलं बोलली. दुसऱ्यावर कुमुद मॅडमनी हात वर केला.

"क्षमा, इथे दोघी बोलून राहिल्या. तुझं ऐकू का या मशीनचं?"

पास्टर हसले. उल्हासजी हसले नाहीत. त्यांनी हात लांब केला आणि माझं बटण दाबलं.

क्षमा गर्रकन वळली. "बाबा! काहून बंद केली?"

"वचन चालू असताना आवाज नाही करत."

"हे चर्च नाही आहे, बाबा."

"बाथरूमला जातो तेव्हा बंदच असते ना? चालते मला तेवढं. बोल तू."

"उल्हासजी, रहने दीजिए," पास्टर म्हणाले, "हमें सुनाई दे रहा है।"

उल्हासजींनी एक बोट उचललं. हेच बोट उचलून त्यांनी वर्षानुवर्षं बाकांवरची कुजबुज थांबवली होती. पास्टरही गप्प झाले.

मित्रांनो, वीज गेली तर मी ओरडते. नळी मुडपली तरी ओरडते. पण कोणी स्वतःच्या हातानं बटण दाबलं, तर मला ओरडायची सोय नाही. ज्यानं बंद केलं त्याला ठाऊकच आहे, असं मला बनवणाऱ्यांना वाटलं असेल.

क्षमानं हातातली पानं मिटून ठेवली आणि थोडक्यात आटपायचं ठरवलं. पण ती बोलू लागली आणि त्या शांततेत तिचा आवाज भरून राहिला. आजाऱ्याला आपल्या शब्दांची गरज फार नसते, ती म्हणाली. कोणीतरी जवळ बसून आहे, एवढं त्याला पुरतं. कुमुद मॅडमच्या हातातला चहा तसाच राहिला. बोलता बोलता क्षमानं मागं वळून पाहिलं. वडिलांनी मान हलवली, चालू दे. पुन्हा पाहिलं, पुन्हा त्यांनी मान हलवली. नळी नाकात जागच्या जागी होती. तिच्यातून काहीच वाहत नव्हतं.

उपदेश संपला. क्षमा माझ्याकडं यायला निघाली. तेवढ्यात शैलेंद्र पास्टर भारावून उभे राहिले आणि म्हणाले, "आओ, हम प्रार्थना करें।"

हे शब्द कानी पडले की या लोकांचे हात आहेत तिथं थांबतात. लहानपणापासूनची सवय. आमेन होईपर्यंत कोणी हलत नाही, कोणी डोळे उघडत नाही. क्षमाचा हात माझ्या बटणापासून वीतभर अंतरावर होता. तिनं तो मागं घेतला, दुसऱ्या हाताशी जोडला आणि डोळे मिटले.

पास्टरांना उपदेश फार आवडला होता. त्यांनी क्षमासाठी प्रार्थना केली, तिच्या अभ्यासासाठी केली. कॉलेजच्या गुरुजनांसाठी केली. उल्हासजींना आरोग्य मिळावं म्हणून तर फारच मनापासून केली. मग मंडळी, मग शहर, मग देश. उल्हासजींचे ओठ जांभळे पडत गेले. मान हळूच छातीवर आली, जशी प्रार्थनेत येते.

आमेन झालं. ते तीनच आवाजांत झालं.

क्षमानं डोळे उघडायच्या आधी माझं बटण दाबलं. मी सगळ्या ताकदीनं चालू झाले. बाटलीत बुडबुडे उठले. ती वडिलांना हाका मारत होती, पास्टर फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होते, आणि कुमुद मॅडम उल्हासजींचे तळवे चोळत होत्या. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी तपासलं, आणि त्यातल्या एकानं जाता जाता मला बंद केलं.

दफनविधी झाला. मग एका संध्याकाळी कुमुद मॅडम एकट्याच आल्या. मंडळीचं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

"सगळ्यांच्या सह्या आहेत. शुक्रवारी तारीख संपते."

क्षमानं पत्राची घडी उघडून सह्या वाचल्या.

"मी तसं बोलायला नको होतं, बाई."

"तुम्ही बोलल्या, बाबांनी बटण दाबलं, पास्टरजींनी प्रार्थना केली," क्षमा म्हणाली. "आणि मी डोळे मिटले. कोणाकोणाला धरू?"

कुमुद मॅडमनी अर्जाचा कागद तिच्यापुढं सरकवला. मग क्षमानंच विचारलं, "अर्जात विचारलंय, तुम्ही या सेवेकडे कशा वळल्या. काय लिहू?"

"सगळे लिहितात ते लिही. लहानपण, संडे स्कूल."

क्षमानं ते लिहिलं नाही. मॅडम गेल्या होत्या, मी बंद होते, खोलीत कसलाच आवाज नव्हता, तरी ती लिहिलेलं मोठ्यानं वाचत होती, माझ्या वर आवाज काढल्यासारखी. त्या दुपारचं सगळं त्यात होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, की एका आजाऱ्याजवळ आम्ही तिघं होतो आणि तिघांपैकी कोणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं. हे कसं होतं ते मला शिकायचं आहे. पुन्हा होऊ नये म्हणून.

प्रवेश मिळाल्याचं फोनवर कळलं, तेव्हा तिनं फोन पालथा ठेवला आणि माझी जाळी धुवायला घेतली.

आता मी जबलपुरातल्याच कांचघर भागात राधाबाई नावाच्या आजींपाशी असते. क्षमानंच मला इथं आणून सोडलं. कॉलेजची मुलं रविवारी आजाऱ्यांना भेटायला जातात, तशी ती येते. राधाबाई चर्चच्या नाहीत, पण प्रार्थनेला त्यांची ना नसते. त्यांची तक्रार माझ्याबद्दल असते.

"दीदी, हिच्या आवाजात सीरियल ऐकू नाही येत. घटकाभर बंद करू का?"

"टीव्ही मोठा करा, काकू. ही चालू राहील."

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी माझ्यासारखी एखादी येईल. माझी जाळी धुवा, पाणी बदला, नळीवर खुर्ची ठेवू नका. माझ्या आवाजाचा त्रास होईल, तो सोसा. पाहुणे आले, पूजा असली, अजान झाली, कोणी कितीही मोठं बोलायला उभं राहिलं, तरी मला गप्प करू नका. आजारी माणूस 'चालते मला' म्हणेल. आपल्या माणसांसाठी तो असंच म्हणतो. त्याचं ऐकू नका. त्याच्या ओठांकडे पाहा.

निघताना क्षमा प्रार्थना करते. राधाबाई हात जोडतात, डोळे मिटतात, मग एक डोळा किलकिला करून विचारतात, "दीदी, तुम्ही डोळे नाही मिटत?"

"तुम्ही मिटा, काकू," ती म्हणते. "मी पाहून राहिली."

आणि प्रार्थना लवकर संपवते.