अंगठ्याला अस्तर

आमचे हे शिंपी आहेत आणि पिना पाडायच्या बॉलिंगमध्ये अजून एकदाही जिंकलेले नाहीत. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दातांचे डॉक्टर. ते दर रविवारी ह्यांना हरवतात आणि वर पाठीवर थाप मारतात. थाप ह्यांच्या पाठीवर पडते, पण लागते मला.

या वेळी मात्र हरून चालणार नव्हतं. आई महिनाभर मावशीकडे निघाली होती आणि तिचा कुत्रा कोणीतरी सांभाळायला हवा होता. कुत्रा दिसायला गरीब, पण कापड खातो. मोजे, पडदे, एकदा तर पाहुण्यांच्या अंगावरच्या शर्टाची बाही. आमचं दुकान घरातच, त्यात एका नवरीचा पांढरा झगा शिवायला आलेला. हरेल त्याच्या घरी कुत्रा, असं दोघा जावयांनी गुपचूप ठरवलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. जावई प्रेमाने खेळतात, असं तिला वाटायचं.

ह्यांनी नवा बॉल मागवला. निळा, चकचकीत.

"लेनच्या लाकडी पट्ट्यावर तेल लावलेलं असतं तिथपर्यंत सरळ जाईल," दुकानदार म्हणाला, "आणि पिनांजवळ पोचला की असा वळेल की बघत राहाल."

बॉलला भोकं पाडायला फक्त बोटांची मापं हवी होती. ती दुसऱ्या कोणाला घेऊ देतील तर हे कसले शिंपी! स्वतःच टेप लावली आणि सवयीने अंगठ्याला थोडं सैल धरलं. "उद्या अंगठा सुजला तर?" म्हणे.

सरावाच्या पहिल्याच फेकीला हात मागे गेला आणि बॉल तिथेच सुटला. पिना राहिल्या समोर आणि बॉल निघाला मागे, भाड्याचे बूट देतात त्या काउंटरकडे. तिथली बाई खुर्चीवर चढली. मी कपाळाला हात लावला. घरी येऊन मखमलीचं अस्तर शिवलं आणि अंगठ्याच्या भोकात आतून चिकटवलं. कड जरा बाहेर ठेवली, कारण कड न सोडता शिवणं मला जमतच नाही.

रविवारी आई कुत्र्याला घेऊन सामना बघायला आली. तिथल्या मालकाच्या पँटी आम्हीच ढिल्या करून देतो, म्हणून त्याने कुत्र्याला आत येऊ दिलं.

बॉल खरंच गुणी निघाला. पण ह्यांना सरळ रेषेची सवय. नेम मधल्या पिनेवर, आणि बॉल शेवटी वळून लेनच्या डावीकडच्या खाचेत, म्हणजे गटरात.

"अहो, उजव्या कडेला फेका!" मी ओरडले.

"कडेला कोण फेकतं?"

"मी सांगते म्हणून फेका!"

फेकला. गटरात गेला गेला म्हणेपर्यंत वळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या. थाप मारायला उचललेला भाऊजींचा हात हवेतच राहिला.

शेवटी एकच फेक उरली. नऊ पिना पडल्या तर आम्ही जिंकलो, आठ पडल्या तर कुत्रा आमचा. बुटाची नाडी बांधायला ह्यांनी बॉल खाली ठेवला. कुत्र्याने मखमलीची कड दातात धरली, ओढली आणि अख्खं अस्तर गिळून टाकलं.

"संपलं," हे म्हणाले. मला तर रडूच कोसळलं. नवरीच्या झग्याच्या चिंध्या डोळ्यांसमोर लोंबायला लागल्या.

"अंगठा घालूच नका!" मी म्हणाले. "दोन्ही हातांनी फेका, कापडाचा तागा उचलता तसा!"

हे वाकले आणि तागा भिरकावला. बॉल उजव्या कडेकडेने गेला, गर्रकन वळला आणि पिनांत घुसला. दोन पिना डुलत राहिल्या. त्यातली एक पडली.

जिंकलो! भाऊजींचा चेहरा पडला. मी सगळ्यांसमोर ह्यांना मिठी मारली.

तेवढ्यात आई डोळे पुसत पुढे आली. "याने आजवर कोणाच्या हातचं इतक्या आवडीने खाल्लं नव्हतं गं," ती मला म्हणाली. "तुझ्याकडेच ठेवते त्याला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी भाऊजींकडे. आईला पैजेचं सांगायची छाती कोणाची?

भाऊजी उठले आणि त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.